भारतात एवढी जैवविविधता आहे म्हणतात, पण विदर्भात वाघ सोडून बघण्यासारखं काय आहे?

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका गावात शेती करतो. आमच्या वावराच्या एका धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून जंगलच आहे, म्हणून तुमचा हा प्रश्न वाचून लिहायला बसलो.

आधी देशाचं. जगाच्या जमिनीपैकी जेमतेम २.४ टक्के भारताच्या वाट्याला आली, पण नोंद झालेल्या जीवजातींपैकी ७ ते ८ टक्के इथे आहेत. बर्फ, वाळवंट, खारफुटी, सदाहरित रान असं सगळं एकाच देशात, त्यामुळे लडाखचा हिमबिबट्याही आपला आणि गीरचा सिंहही आपलाच. जैवविविधतेचे जे ३६ हॉटस्पॉट मानतात, म्हणजे दुसरीकडे कुठे न सापडणाऱ्या जाती जिथे खूप आहेत आणि धोक्यातही आहेत असे प्रदेश, त्यांतले चार भारतात पोहोचतात. विदर्भ त्यांत कुठेच नाही. आमचं रान पानझडीचं. एप्रिलात साग उघडाबोडका उभा असतो आणि पाहुणा म्हणतो, इथं तर काहीच नाही.

पण पाऊस पडल्यावर या. आमच्या धुऱ्यावरच्या वारुळावर एका रात्रीतून सात्या निघतात, पांढऱ्या, इवल्याशा छत्र्या. त्या कोणी पेरत नाही. उधई, म्हणजे वाळवी, पाचोळा आत नेऊन त्यावर बुरशीची शेती करते आणि त्याच बुरशीला वर या छत्र्या फुटतात. आई टोपलीभर वेचून आणते. त्या दिवशी घरात दुसरी भाजी नसते.

त्याच वारुळावर रात्री अस्वलही येतं. त्याचे वरचे मधले दोन दात मुळातच नसतात. नखांनी वारूळ फोडायचं, ओठांची नळी करायची आणि त्या फटीतून उधई ओढून घ्यायची. उन्हाळ्यात हेच अस्वल टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, खातं. एकदा त्याची विष्ठा काडीने उकरून पाहिली, तर टेंभराच्या बिया जशाच्या तशा, धुतल्यासारख्या. अशाच बियांतून नवी झाडं येतात, आणि मे महिन्यात त्यांचीच पानं बिडीसाठी तोडून गावातल्या कितीतरी घरांत पैसा येतो. अस्वलाची भीती मात्र खरी आहे. पहाटे मोह वेचायला आमच्याकडे एकटंदुकटं कोणी जात नाही.

मेळघाटातला रानपिंगळाही विसरू नका. १८८४ नंतर या घुबडाचा पत्ताच नव्हता, संपला असंच धरलं होतं. १९९७ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याजवळ तो पुन्हा सापडला, मग मेळघाटातही दिसला. असल्याच पानझडीच्या रानात तो शंभरावर वर्षं कोणाच्या नजरेत न येता जगत होता.

तर जुलै-ऑगस्टमध्ये या. ताडोबाच्या कोअरमधली, म्हणजे आतल्या राखीव जंगलातली, सफारी तेव्हा बंद असते, पण गावातल्या जाणत्या माणसासोबत शिवारात फिरता येतं. वारूळ दिसलं की वाकून बघा. सात्या मात्र ओळखणारं कोणी सोबत असल्याशिवाय तोडू नका, विषारी छत्र्याही तशाच दिसतात.