एफसीसीपीची डिश आधी

ठाणे, रविवार रात्र

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

काल खारघर स्टेशनवरून बोलत होतीस. मागे गाडीची घोषणा चालू होती, तरी तुझा बसलेला आवाज लपला नाही. औषध दिल्यावर पेशींतल्या टीएमआरएम रंगाची चमक वाढली, सर म्हणतात मायटोकॉन्ड्रिया सुधारले. तुला मात्र ते सुजलेले, तुकडे पडलेले दिसतात. अशा वेळी डोळ्यांवर विसंबू नकोस, सरांवरही नको. मी एकच विचारते, एफसीसीपीची, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाचं पोटेन्शियल मुद्दाम पाडून बघायची डिश कुठे आहे?

टीएमआरएम धनभारित. मायटोकॉन्ड्रियाच्या आत १५० ते १८० मिलिव्होल्टचं ऋण पोटेन्शियल असतं आणि दर ६० मिलिव्होल्टमागे रंग दसपट साठतो. पोटेन्शियल उतरलं की रंग बाहेर येतो, चमक घटते, इतकं तुला पाठ आहे. पण तू घातलास २०० नॅनोमोलर! इतक्या दाटीत रेणू एकमेकांची चमक विझवतात. मग पोटेन्शियल पडलं की रंग पेशीद्रवात पसरतो, विझलेले रेणू उजळतात आणि आजारी पेशी धडधाकट पेशीपेक्षा जास्त चमकते. तुझ्याकडे हेच झालंय असं मी म्हणत नाही. एफसीसीपीशिवाय ते कुणालाच सांगता येणार नाही, एवढंच.

एफसीसीपी प्रोटॉनना पडद्यातून वाट करून देतं, पोटेन्शियल कोसळतं. डिश मायक्रोस्कोपखाली असतानाच १ ते २ मायक्रोमोलर सोड आणि बघत राहा. चमक आधी उसळून मग उतरली तर रंग दाट झालाय. उसळी न घेता उतरली तर पुढे जा. काही मिनिटांचं तर काम.

मी ते केलं नव्हतं. २००६ मध्ये माझ्याकडे जेसी-१ होता, पोटेन्शियल जास्त असेल तिथे लाल चमकणारा रंग. औषध दिलेल्या डिशमध्ये लाल वाढला आणि मी हरखले. खरं तर तिथल्या निम्म्या पेशी मरून गळल्या होत्या, उरलेल्यांच्या वाट्याला रंग जास्त आला होता. एका ज्युनियरनं विचारलं, ‘मॅडम, एफसीसीपी लावलं होतं का?’ मी त्याला सगळ्यांसमोर गप्प केलं. तो चेहरा अजून आठवतो. पुढे स्वतः लावलं तेव्हा चौदा महिन्यांचं काम हातातून गेलं. पेपर मीच थांबवला, फेलोशिप संपली. घरचेसुद्धा हट्टी म्हणाले. म्हणोत. त्या आकड्यांखाली नाव घालायला हात धजावला नाही, आजही धजावणार नाही.

कन्फोकल मायक्रोस्कोपचा स्लॉट दोनच तासांचा, हे रडगाणं मला ऐकवू नकोस. दोनच तास आहेत म्हणूनच एफसीसीपी आधी. रंग २० नॅनोमोलरवर आण, अर्धा-पाऊण तास मुरू दे, आणि धुऊन टाकू नकोस, फोटो घेतानाही बफरमध्ये तेवढाच राहू दे. लेझर अगदी मंद ठेव, नुसत्या प्रकाशानंही पोटेन्शियल पडतं. औषध विरघळवायचं डीएमएसओ सगळ्या डिशमध्ये सारखंच. आणि एफसीसीपी औषध न दिलेल्या डिशलाही लाव, दिलेल्या डिशलाही. रोज. मागच्या आठवड्यातलं चालणार नाही.

सरांशी वाद घालत बसू नकोस. जेवून घे वेळेवर, फोनवर खोकत होतीस.

पुढच्या रविवारी सकाळी तलावपाळीला ये, लॅपटॉप आण. औषधाचे फोटो नंतर बघू, आधी एफसीसीपीचा आलेख उघड.