फरकाचे पैसे हातात आल्यावर

ताई, पगाराच्या फरकाचे, म्हणजे मागच्या थकलेल्या वाढीव पगाराचे पैसे एकरकमी खात्यात पडले की घरात पहिल्याच रात्री टीव्ही, सोफा, गोव्याची सहल अशी यादी सुरू होते. पंधरा दिवस तरी कुणाला हो म्हणू नका.

आधी कराचं बघा. फरक मागच्या वर्षांचा असेल तर करात सवलत मागता येते, पण त्याचा वेगळा फॉर्म विवरणपत्राच्या आधी ऑनलाइन भरावा लागतो. आमच्या शाळेत कितीतरी जण हेच विसरले.

मग कर्ज. क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर ती पहिली फेडा, तिच्यावर वर्षाला ३६ टक्क्यांच्या वर व्याज जातं. नंतर गहाण सोनं. आम्ही सासूबाईंच्या पाटल्या सोडवल्या तेव्हा त्यांनी त्या पदराने पुसून लगेच हातात चढवल्या होत्या, ते मला अजून दिसतं. फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जात थोडे पैसे मुदतीआधी भरलेत तर दंड लागत नाही.

उरलेले सगळे एकाच पतसंस्थेत ठेवू नका, दर कितीही चांगला असो. बँकेतल्या ठेवींना ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवींना तो लागू नाही.

आणि हो, मुलांना एकदा बाहेर जेवायला नक्की न्या.