बिशपला पहिल्यांदा जाताना

कॅलिफोर्नियातील बिशप गाव साधारण १,२६० मीटरवर आहे, तर जवळच्या डोंगरांतील लिटल लेक्स व्हॅली या दरीची वाट जिथून सुरू होते ते मॉस्किटो फ्लॅट सुमारे ३,१०० मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर; त्यामुळे सह्याद्रीत कितीही दम कमावला असला तरी पहिल्या दिवशी लाँग लेकपर्यंतच जावे आणि डोके ठणकू लागल्यास विनासंकोच मागे फिरावे. निघावे मात्र सकाळी लवकर, कारण जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी विजा कडाडतात. तळ्याकाठी डबा उघडून निवांत बसलो असताना मी एकदा गारांचा मार खाल्ला आहे. बिशपजवळच्याच बटरमिल्क नावाच्या भागातील वाळवंटी पायथ्याकडे ऑक्टोबरनंतर वळावे. नाव ताकाचे असले तरी वाटेत पिण्याचे पाणी मिळत नाही, म्हणून माणशी तीन लिटर पाणी घरूनच न्यावे.