आधी रोजचं काम पाहू द्या

पत्र: "माझी मुलगी बारावीला आहे. विज्ञान शाखा, जीवशास्त्र आणि गणित दोन्ही घेतलंय. तिचे बाबा दोन वर्षांपासून डायलिसिसवर आहेत. ती म्हणते, किडनीच्या आजारावर संशोधन करीन. मधेच वाचनालयातून जुन्या ओव्या-अभंगांची पुस्तकं आणते आणि म्हणते, मराठीत पीएच.डी. करीन. मागच्या थंडीत वांगणीला आकाशदर्शनाला जाऊन आली, तेव्हापासून दुर्बिणीचं वेड. तीन डगरींवर हात ठेवून पोरगी पडेल, अशी भीती वाटते. आणि संशोधन म्हणजे पगार कधी? घर माझ्या एकटीच्या कमाईवर चालतं. नाव छापू नये. – एक आई, लालबाग"

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातली शेवटून दुसरी ओळ मी परत परत वाचली, म्हणून आधी पैशांचंच बोलते. संशोधन करताना पैसे मिळतात, हे आपल्याकडे बऱ्याच घरांत माहीत नसतं. एम.एस्सी. किंवा एम.ए. झाल्यावर नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती मिळाली, तर २०२३ पासूनच्या दरानं पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००, शिवाय घरभाडं भत्ता. विज्ञानाला जास्त आणि मराठीला कमी, असं त्यात नाही. पण ही रक्कम सुरू होईपर्यंत लेक बावीस-तेवीस वर्षांची झालेली असेल. मग पीएच.डी.ची पाच-सहा वर्षं, आणि पक्की नोकरी तिशीच्या आसपास. तेव्हा पुढची पाच वर्षं तिच्या पगाराशिवाय घर निभेल का, हे तुम्ही, बाबा आणि ती असं तिघांनी एकत्र बसून बोला. तिच्यापासून आकडे लपवू नका. बारावीतल्या मुलीला ते कळतात.

आता तीन डगरींकडे येते. विषय कोणता आवडतो, हे या वयात मी फारसं विचारत नाही. आवडतं तर सगळंच. त्या विषयातलं रोजचं, किचकट, कुणाला न दिसणारं काम तिला किती वेळ करवतं, ते मला बघायचं असतं.

किडनीपासून सुरुवात करू, कारण तिथे तिच्या मनात दोन वेगळी कामं एक झाली आहेत. रुग्णावर उपचार करायचे तर आधी 'नीट' ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा, मग साडेपाच वर्षांचं एमबीबीएस, तीन वर्षांचं एम.डी. मेडिसिन, त्यावर किडनीविकारांचं तीन वर्षांचं डी.एम. नेफ्रॉलॉजी. म्हणजे साडेअकरा वर्षं, तीही कुठे वर्ष वाया न गेल्यास. पण किडनी का बिघडते, हे शोधायला डॉक्टरच व्हावं लागतं असं नाही. जीवशास्त्र, रसायनशास्त्र, संख्याशास्त्र शिकलेली माणसंही ते काम करतात. रुग्णाच्या खाटेशेजारी उभं राहायचंय, की प्रयोगशाळेत त्या बिघाडामागे लागायचंय, असं तिला सरळ विचारा. 'नीट' द्यायची की नाही, याचं उत्तर त्यातच मिळेल.

आणि एक गोष्ट तिला जपून सांगा. १८३५ साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून फ्लोरिझिन नावाचं द्रव्य काढलं. ते पोटात गेलं की लघवीतून साखर जाते, हे नंतर कळलं. तसं का होतं याचा माग काढता काढता किडनीतला साखर परत शोषून घेणारं वाहक प्रथिन सापडलं, त्याला अडवणारी मधुमेहाची औषधं तयार झाली. २०२० मध्ये त्यांतल्या एका औषधाच्या मोठ्या चाचणीत दिसलं, की मधुमेह नसलेल्या रुग्णांमध्येही ते किडनीची घसरण मंदावतं. सालीपासून इथवर १८५ वर्षं. तुमच्या लेकीच्या मनात 'बाबांसाठी काहीतरी शोधेन' असं असणार. त्यात वावगं काहीच नाही, पण संशोधनाचं घड्याळ एका माणसाच्या आजारपणावर चालत नाही. हे न सांगता तिला त्या वाटेवर पाठवलं, तर उद्या बाबांच्या तब्येतीत जे होईल त्याचा दोष ती स्वतःला देईल. बाबांनीच तिला म्हणायला हवं, की माझ्यासाठी म्हणून काही निवडू नकोस.

दुर्बिणीचं म्हणाल, तर वांगणीला तिनं पाहिलं ते आकाश खरंच, पण खगोलशास्त्रज्ञाचा दिवस बहुतेक संगणकापुढे जातो. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. त्यातून कुणी डोळा लावून बघत नाही, त्या रेडिओ लहरी टिपतात. आधी प्रस्ताव लिहायचा, तो पसंत पडला तर काही तासांचा वेळ मिळतो, आणि मग मोबाइल, विजेच्या तारा यांचा गोंगाट त्या नोंदींतून निवडून काढत महिने जातात. २०२३ मध्ये अतिशय कमी वारंवारतेच्या गुरुत्वीय लहरींचे, म्हणजे अवकाशातच उठणाऱ्या सूक्ष्म तरंगांचे, पुरावे जाहीर झाले, त्यात याच अँटेनांनी घेतलेल्या नोंदी होत्या. त्यामागे स्पंदक ताऱ्यांचे, म्हणजे ठरावीक वेळानं रेडिओ लहरींचे ठोके देणाऱ्या ताऱ्यांचे, ठोके वर्षानुवर्षं मोजत बसलेली माणसं आहेत. टीआयएफआर या मुंबईतल्या विज्ञान संशोधन संस्थेच्या 'चाय अँड व्हाय?' या विज्ञानगप्पा जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये आणि माटुंग्याच्या रुपारेल कॉलेजात होतात. लालबागहून माटुंगा कितीसं लांब! तिला एका रविवारी पाठवा.

साहित्यातलं संशोधन म्हणजे आवडीचं वाचन, असा गैरसमज तुमचाही असेल. महानुभावांच्या पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत होत्या. इतिहासाचार्य राजवाड्यांनी ती लिपी उलगडली, तेव्हा कुठे ते गद्य बाहेरच्यांना वाचता आलं. एक पोथी दुसरीशी ताडून बघणं, एका शब्दाचे वेगवेगळ्या पोथ्यांतले पाच पाठ नोंदवणं, त्यातला जुना कोणता ते ठरवणं, हे प्रयोगशाळेइतकंच कठोर काम आहे, आणि मला त्याचं फार मोल वाटतं. तरीही नोकरीबद्दल खोटं बोलणार नाही. महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवणारे नेट-पीएच.डी. झालेले कितीतरी जण मुंबईत आहेत. तुमच्या घराला ते परवडायचं नाही.

म्हणून परीक्षा झाल्यावर, निकालाआधीच्या दिवसांत तिला तीन कामं द्या, प्रत्येकी दहा दिवस. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात बसून तुकोबांचे वीस अभंग गाथेच्या दोन-तीन वेगवेगळ्या आवृत्त्यांत ताडून पाहायचे आणि प्रत्येक फरक वहीत उतरवायचा. केप्लर या अवकाशातल्या दुर्बिणीच्या नोंदी नासानं सर्वांसाठी खुल्या ठेवल्या आहेत. त्यातून एका ताऱ्याचा प्रकाश केव्हा आणि किती मंदावतो, ते आलेखावर काढायचं. तिसरं काम बाबांची हरकत नसेल तरच: त्यांच्या फायलीतले क्रिएटिनिनचे (किडनीचं काम किती चालतंय हे दाखवणाऱ्या रक्ततपासणीचे) आकडे तारखेनुसार मांडायचे आणि चढ कुठे वाढला तिथे काय घडलं होतं, ते शोधायचं. तिला रडू येईल. त्यानंतर ती पुन्हा त्या कागदाकडे वळते का, ते बघा.

माझं मत विचाराल तर तिनं आत्ता विज्ञान सोडू नये. विज्ञानाची पदवी घेऊन नंतर मराठीत एम.ए.ला जाता येतं. मराठीतून पदार्थविज्ञानाकडे परत येणं जवळपास अशक्य. नेस्ट या प्रवेश परीक्षेतून कालिन्याला, मुंबई विद्यापीठाच्या आवारातल्या सीईबीएस या मूलभूत विज्ञानाच्या केंद्रात पाच वर्षांची एकत्रित एम.एस्सी. करता येते. पहिल्या वर्षी सगळ्यांना सगळे विज्ञान विषय असतात, त्यामुळे जीवशास्त्र की पदार्थविज्ञान हे तिला वर्षभर पाहून ठरवता येईल. शिवाय घरून जाऊन-येऊन शिकता येईल, बाबांजवळ राहता येईल. पुण्याच्या आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेसाठी आयएटी ही वेगळी परीक्षा आहे, तीही द्यावी. अर्ज बारावीच्या परीक्षेच्या आसपास निघतात, तारखांवर लक्ष ठेवा. वाचनालयाची वर्गणी मात्र बंद करू नका.

या वेळचं पत्र तुम्ही लिहिलंत. तीन वह्या भरल्या, की पुढचं तिला लिहू द्या. त्यात कोणत्या वहीत दहा दिवसांनंतरही पानं भरत राहिली, तेवढं कळवायला सांगा.