रक्त ‘पातळ’ होतं म्हणजे काय होतं?

प्रश्न : सासऱ्यांना दोन वर्षांपूर्वी हृदयात धातूची झडप बसवली. तेव्हापासून वॉरफरिन, म्हणजे रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. श्रावणात घरी आठवडाभर अळूवड्या झाल्या आणि त्यांचा आयएनआर, म्हणजे रक्त किती उशिरा गोठतं ते सांगणारा आकडा, घसरला. परवा तर लॅबवालीने ‘नळी कमी भरली’ म्हणत पुन्हा सुई टोचली. ताई, रक्ताच्या गोळीचा पालेभाजीशी संबंध काय?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : परळच्या लॅबमध्ये तीस वर्षं ‘रक्त पातळ’ हे शब्द ऐकले, पण रक्त पातळ झालेलं काही दिसलं नाही. गोळी घेणाऱ्याचं रक्तही तेवढंच दाट असतं.

बिघडतं ते निराळंच. यकृत प्रोथ्रॉम्बिन नावाचं प्रथिन बनवतं. जखमेपाशी चेतलेल्या प्लेटलेटच्या पृष्ठभागाला ते चिकटलं, तर गुठळीचं काम भराभर होतं. चिकटायला मध्ये कॅल्शियम हवं, आणि कॅल्शियम धरायला सांडशी. प्रथिनातल्या ग्लुटामिक आम्लाला बाजूला एकच पातं असतं. ‘के’ जीवनसत्त्वाच्या मदतीने यकृत दुसरं जोडतं. प्रोथ्रॉम्बिनवर अशा १० सांडश्या असतात. एकदा वापरलेलं ‘के’ शरीर पुन्हा कामाला लावतं, वॉरफरिन नेमकं तेच अडवतं. मग प्रथिन रक्तात फिरतं खरं, पण एका पात्याच्या सांडशीने पातेलं उचलायचं कसं? अळूतून ताजं ‘के’ मिळालं की सांडश्या पुन्हा जुळतात, म्हणून आयएनआर घसरला.

गंमत म्हणजे गुठळीला आवर घालणाऱ्या प्रोटीन सी आणि प्रोटीन एस यांनाही याच सांडश्या लागतात. प्रोटीन सी काही तासांतच निम्मं होतं, प्रोथ्रॉम्बिनला मात्र दोन-अडीच दिवस लागतात. म्हणजे सुरुवातीला ब्रेक आधी निकामी! त्यामुळे पहिले काही दिवस सोबत हेपारिन या गुठळी रोखणाऱ्या दुसऱ्या औषधाची इंजेक्शनं देतात. हेपारिनचं गणित वेगळं : ते रक्तातल्याच अँटिथ्रॉम्बिन या गुठळी रोखणाऱ्या प्रथिनाला चिकटून त्याचा आकार बदलतं आणि त्याचा वेग हजारपटीच्या घरात नेतं. ‘के’शी त्याला देणंघेणं नाही.

आता ती निळ्या टोपणाची नळी. तिच्यात सायट्रेट असतं, ते कॅल्शियम पकडून ठेवतं आणि रक्त नळीत गोठत नाही. ९ भाग रक्ताला १ भाग सायट्रेट, हे प्रमाण ठरलेलं. रक्त कमी पडलं तर सायट्रेट उरतं, आणि तपासताना आम्ही घातलेलं कॅल्शियमही गिळतं. मग आयएनआर आहे त्याहून जास्त दिसतो आणि डॉक्टर गोळी कमी करून बसतात. तेव्हा त्या मुलीवर रागावू नका. मला तर एका गृहस्थांनी ‘रक्त विकता का?’ असं विचारलं होतं.

अळूवड्या बंद करू नका, फक्त दर आठवड्याची पालेभाजी साधारण सारखी ठेवा. मधेच वाढली तर डॉक्टरांना कळवा, गोळीचा डोस घरी ठरवू नका. आणि सासरे ‘दोनच खाल्ल्या’ म्हणाले, तर ताटातल्या वड्या तुम्हीच मोजा.