सासऱ्यांचं कोल्ड्रिंकचं मशीन आणि १,१०,००० चं कोटेशन

सांगलीच्या गावभागातून एका शिक्षकांनी विचारलं आहे. सासऱ्यांनी मिरजेतल्या एका बंगल्याच्या लिलावात घेतलेलं जुनं अमेरिकन मशीन, नाणं टाकलं की थंड बाटली देणारं, वाड्याच्या खालच्या खोलीत पडून आहे. पाटीवर वेंडो, कॅन्सस सिटी असं नाव आहे. कुपवाडचा मेकॅनिक दुरुस्तीचे १,१०,००० सांगतो, भंगारवाला ७,००० द्यायला तयार आहे. एफडी मोडून मशीन नीट करावं, मेव्हण्यांच्या कॅफेत ठेवावं, पुढेमागे चांगल्या भावाने विकावं, असं त्यांच्या मनात आहे.

सर, एफडी मोडू नका. मशीनही एवढ्यात भंगारात घालू नका.

तुमचा हिशोब असा: रोज ४० बाटल्या, बाटलीमागे ४ रुपये, महिन्याला ४,८००, म्हणजे दोन वर्षांच्या आत पैसे वसूल. गुणाकार बरोबर आहे, पण ही कमाई बाटलीची आहे, मशीनची नाही. कॅफेत काचेच्या दाराचा फ्रीज आहे आणि त्यातून आजही बाटल्या खपतातच. मशीन आल्यामुळे ज्या जादा खपतील तेवढ्याच त्याच्या नावावर धरायच्या. लोक फोटो काढायला येतील असं मानून रोजच्या १० धरू. महिन्याला १,२०० झाले, आणि मुद्दल सुटायला साडेसात वर्षांहून जास्त. त्यात वीज धरलेली नाही, जून लागल्यावर बसणारा खप धरलेला नाही आणि एफडीचं बुडणारं व्याजही नाही.

शिवाय ते नाण्यावर चालवायचं म्हटलं तर वेगळीच गंमत आहे. तुमच्या मशीनवर १० सेंट लिहिलंय, म्हणजे त्याला हवं ते अमेरिकेचं डाइम, १७.९ मिमी व्यासाचं. आपलं दहाचं नाणं २७ मिमीचं. ते फटीत जाणारच नाही, आणि २० रुपयांच्या बाटलीला तशी दोन लागतील. पत्र्याचे टोकन पाडून गल्ल्यावर विकायचे, हाच व्यवहारी मार्ग. पण मग गल्ल्यावर माणूस बसवावा लागणारच असेल तर त्यानेच फ्रीजमधून बाटली काढून दिली तर काय बिघडलं?

आता कोटेशन. त्यात ‘ओरिजिनल कॉम्प्रेसर चालू करणे’ या एका ओळीचे ३८,००० आहेत. ती ओळ आधी काटा. त्या काळातल्या अशा मशीनमध्ये थंड करायला बहुधा आर-१२ गॅस असतो, आणि तो ज्या सीएफसी (ओझोन थराला घातक वायूंच्या) कुळातला आहे त्याचं उत्पादन भारतात १ जानेवारी २०१० पासून बंद आहे. मोटर ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ६० आवर्तनांच्या विजेवर चालणारी. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज उतरवता येतं, हर्ट्झ बदलत नाहीत. आपल्या ५० हर्ट्झवर ती साधारण सहाव्या हिश्शाने हळू फिरते आणि तापते. थंड करायचंच असेल तर घरगुती फ्रीजचा, आर-१३४ए या नंतरच्या गॅसवर चालणारा कॉम्प्रेसर बसवायचा. ते काम गावातला कुठलाही फ्रीजवाला करील, ३८,००० च्या बऱ्याच आत.

पण मला खरी धास्ती वेगळी आहे. तुम्ही जाता जाता लिहिलंय की तळापासून दोन हातांवर मातकट रेघ आहे, २०१९ च्या पुराची. या जुन्या मशीनच्या दोन पत्र्यांमध्ये काचतंतूंची लोकर भरलेली असते. ती एकदा भिजली की लवकर वाळत नाही आणि पत्रा आतून कुजत जातो. बाहेरचा लाल रंग मात्र झकास दिसतो. मेकॅनिकने मागचं झाकण न काढताच आकडा दिला असेल तर तो आकडा नाही, अंदाज आहे, आणि असे अंदाज काम सुरू झाल्यावर वरच जातात.

विकण्याचं म्हणाल तर तुम्ही पाहिलेले भाव अमेरिकेतल्या शौकिनांचे आहेत. तिकडे या मशीनची रबरं, स्टिकर, सुटे भाग नव्याने बनवून मिळतात, जाणकार गिऱ्हाईक आहे. मिरजेत जुनी सतार दुरुस्त करून विकता येते, कारण घेणारा सतारमेकर गल्लीपर्यंत स्वतः चालत येतो. या मशीनचा घेणारा तुम्हाला शोधावा लागेल, बहुतेक पुण्या-मुंबईतला कॅफेवाला नाहीतर शूटिंगला सामान पुरवणारा. कोल्हापुरातही विचारून पाहा. त्याला मशीन चालू हवं असतंच असं नाही, दिसायला हवं असतं. म्हणून विकायचं ठरलं तर रंग अजिबात देऊ नका. मूळ रंग, मूळ अक्षरं, थोडा गंज असला तरी चालतो. नव्या चकचकीत रंगाला पारखी माणूस नाक मुरडतो.

तेव्हा करायचं काय? आधी ३,०००-४,००० खर्चून मागचं झाकण उघडवा, समोर उभे राहा. तळाशी एका जागी लोकर उपसायला लावा आणि पत्र्यावर स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. आरपार गेला तर पाटीसकट स्वच्छ फोटो काढून आहे तसं विकायला लावा. भंगारवाल्याचे ७,००० कुठे पळत नाहीत. पत्रा टणक निघाला तर भिजलेली लोकर काढून टाका, गंज थांबवा, आत दिवा लावा आणि घरात ठेवा. याला माझी मर्यादा ३०,०००, तीही एफडीतून नाही. महिन्याला ५,००० ची आरडी सहा महिने भरा आणि त्यातून करा. तुमच्या घरी सौ.ना वडिलांची ती वस्तू डोळ्यांसमोर हवी आहे, हे कारण मला पुरेसं वाटतं. पण मग तो खर्च सणासुदीच्या, सहलीच्या खात्यात लिहा, गुंतवणुकीच्या नको. आणि मेव्हण्यांना भागीदारीचा शब्द देऊ नका.

दोन्हीपैकी काहीही ठरलं तरी मेअखेरपर्यंत ते त्या खोलीतून वरच्या मजल्यावर न्या. चार हमाल आणि टेम्पो लागेल, त्याचे पैसे ३०,००० मध्येच धरा.