मूत्रवाहिनीच्या कर्करोगात मूत्रपिंड काढल्यानंतर केमोथेरपी घ्यावी का?

आपल्या वडिलांची मूत्रवाहिनीतील गाठ मूत्रपिंडासह पूर्ण निघाल्यावर पुन्हा केमोथेरपी कशाला, ही आपली शंका रास्त आहे. परंतु त्यांच्या अहवालात ‘पीटी ३’, म्हणजे गाठ स्नायूच्या थराबाहेर गेल्याचे नमूद असल्याने माझे मत ती घेण्याकडे झुकते. ब्रिटनमधील ‘पाउट’ चाचणीत (२०२०) शस्त्रक्रियेनंतर ९० दिवसांच्या आत जेमसिटाबिन व प्लॅटिनमयुक्त औषधाची (सिसप्लॅटिन किंवा कार्बोप्लॅटिन) चार आवर्तने सुरू केलेल्यांपैकी सुमारे ७१ टक्के रुग्ण तीन वर्षांनंतर रोगमुक्त होते, तर नुसत्या देखरेखीखालील गटात ४६ टक्के. मात्र मूत्रपिंड आता एकच उरले आहे, त्यामुळे जीएफआर, म्हणजे मूत्रपिंडाची रक्त गाळण्याची क्षमता दाखवणारा आकडा, आधी पाहावा. तो ५० च्या खाली असल्यास सहसा सिसप्लॅटिनऐवजी कार्बोप्लॅटिन देतात, ज्याचा पुरावा तुलनेने कमकुवत आहे. त्यांना ऐकू कमी येत असेल, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण सिसप्लॅटिनने कानांवर परिणाम होतो.